केळीच्या मुलखातले सफरचंद

मॅकओएस ही संगणकप्रणाली केवळ ॲपलचे नाव धारण करणाऱ्या यंत्रावरच बसवावी अशी स्पष्ट अट ॲपल कंपनीच्या परवान्यात असून, ती अट न वाचताच ‘मान्य आहे’ या बटणावर टिचकी मारणाऱ्या आणि मग त्याच प्रणालीला लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या संगणकावर नांदवू पाहणाऱ्या मंडळींचा एक स्वतंत्र वर्ग गेल्या वीस वर्षांत जगभर तयार झाला आहे. अशा यंत्राला ‘हॅकिन्टॉश’ म्हणतात. त्याच्या मालकांविषयी सर्वसाधारण समज असा आहे की ते पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग करतात. परंतु वाचलेल्या पैशातून घेतलेली वाय-फाय कार्डे, ती चालली नाहीत म्हणून घेतलेली दुसरी कार्डे आणि या सर्वांत गेलेले रविवार यांचा हिशेब मांडल्यास काटकसरीचा हा सिद्धान्त टिकत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी म्हण मराठीत आहे. हॅकिन्टॉश हे त्या म्हणीला दिलेले जाहीर आव्हान होय, आणि आव्हान देणाऱ्याला खर्चाची पर्वा नसते.

या आव्हानाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलचे प्रोसेसर स्वीकारण्याची घोषणा केली आणि जानेवारी २००६ मध्ये इंटेलवर चालणारे पहिले मॅक बाजारात आले. तोपर्यंत मॅकचे काळीज आणि इतरांचे काळीज यांत मूलभूत फरक होता. त्यानंतर दोन्ही खोक्यांत एकाच कारखान्याची चिप बसू लागली आणि फरक उरला तो किमतीचा, दिसण्याचा आणि कंपनीने दारावर बसवलेल्या काही पहारेकऱ्यांचा. या पहारेकऱ्यांपैकी एक विशेष उल्लेखनीय आहे. इंटेलवर चालणाऱ्या मॅकमध्ये पंखे, तापमान आणि वीजपुरवठा यांवर देखरेख ठेवणारी ‘एसएमसी’ नावाची एक छोटी चिप असते. प्रणालीचे काही महत्त्वाचे भाग कुलूपबंद करून त्यांची किल्ली ॲपलने या चिपमध्ये ठेवली, आणि ती किल्ली म्हणजे आकड्यांची रुक्ष मालिका नसून, आमच्या मेहनतीची चोरी करू नये अशा आशयाची एक विनवणी होती. शिवाय ‘मॅकओएस चोरू नका’ असेच नाव असलेला एक स्वतंत्र घटक प्रणालीत ठेवण्यात आला आणि २००६ च्या सुरुवातीला चोरांची कानउघाडणी करणारे एक छोटेसे कवनही आत सापडले. याचा व्यावहारिक परिणाम मोठा मनोज्ञ झाला. हॅकिन्टॉशमध्ये खरी एसएमसी नसल्यामुळे तिची नक्कल करणारा घटक बसवावा लागतो, आणि ती नक्कल यंत्र सुरू होताना दरवेळी ‘चोरी करू नका’ हे शब्द बिनचूक म्हणून दाखवते, तेव्हाच कुलूप उघडते. उपदेशाचा असा नित्य पाठ अन्य कोणत्याही गैरव्यवहारात होत असल्याचे दिसत नाही.

ही सारी व्यवस्था समजून घ्यायची तर बहुरूप्याकडे पाहावे. गावात फौजदाराच्या वेशात शिरून दारोदार दम देणारा बहुरूपी खरा फौजदार नाही हे घरच्या सर्वांना ठाऊक असते, तरी त्याची ऐट, त्याची टोपी आणि त्याची भाषा इतकी नेमकी असते की बक्षिसी द्यावीच लागते. हॅकिन्टॉशही असाच वेश घेतो, फरक एवढाच की इथे सोंग एकट्या मालकाला ठाऊक असते आणि फसवायचे असते ते प्रणालीला. त्यासाठी ‘ओपनकोर’ हा आरंभक वापरतात, म्हणजे संगणकाचे बटण दाबल्यापासून प्रणाली जागी होईपर्यंतच्या अवधीत मधे उभा राहून सर्व ओळखी करून देणारा प्रोग्राम. ‘ॲसिडान्थेरा’ या नावाने काम करणाऱ्या गटाने तो २०१९ मध्ये पुढे आणला आणि त्याआधीच्या ‘क्लोव्हर’ची जागा घेतली. ओपनकोरच्या ‘कॉन्फिग’ नावाच्या फायलीत यंत्राने कोणता मॅक असल्याचे सांगायचे ते लिहिलेले असते. पुष्कळांची पसंती ‘आयमॅक १९,१’ या ओळखीला असते. त्यामुळे ‘या मॅकविषयी’ ही खिडकी उघडली की २७ इंची, फाइव्ह-के रेटिना पडद्याचा २०१९ चा आयमॅक आपल्यासमोर असल्याची ग्वाही मिळते, आणि ती ग्वाही वाचण्यासाठी मालकाला साडेअठरा इंची जुन्या मॉनिटरकडे थोडे वाकावे लागते.

ओळखीबरोबर अनुक्रमांकही द्यावा लागतो, आणि तो तयार करून देणारी साधने उपलब्ध आहेत. या क्रमांकाची कसोटी मात्र जगावेगळी आहे. तो दिसायला संपूर्ण खरा असला पाहिजे, पण जगातल्या कोणत्याही खऱ्या मॅकचा असता कामा नये, अन्यथा एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या यंत्राशी गाठ पडून संदेशसेवेचे खाते अडकण्याची शक्यता असते. म्हणून क्रमांक तयार झाला की तो ॲपलच्याच हमी तपासण्याच्या पानावर टाकतात आणि हा क्रमांक सापडत नाही असे कंपनीने कळवले की आनंद व्यक्त करतात. कंपनीच्या दारात जाऊन नकार मिळवणे हेच यश मानणारा ग्राहक व्यापाराच्या इतिहासात यापूर्वी झाला नसावा.

सोंगाची खरी गंमत मात्र एक पायरी आत आहे. मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राम, म्हणजे ‘फर्मवेअर’, सुरू होताना समोरच्या प्रणालीला ‘आपण कोण?’ असे विचारतो आणि उत्तर पाहून टचपॅड, बॅटरी वगैरे कोणत्या रीतीने चालवायचे ते ठरवतो. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी विंडोज सोडून दुसरे कोणी दारात येईल याचा विचारच केलेला नसल्यामुळे, मॅकओएसने प्रांजळपणे आपले ‘डार्विन’ हे नाव सांगितले तर पुष्कळ यंत्रांत टचपॅड मान टाकतो. यावर उपाय म्हणून मॅकओएसच्या उत्तराच्या जागी विंडोजचे नाव घालणारी दुरुस्ती करावी लागते. म्हणजे मॅक असल्याचे सोंग घेतलेल्या पीसीवर विंडोज असल्याचे सोंग घेतलेली मॅकओएस चालते, आणि दोघेही एकमेकांना ओळखत नसल्याच्या आविर्भावात काम करतात. लिनक्सही याच प्रश्नाला कित्येक वर्षे विंडोजचेच नाव सांगत आला आहे, तेव्हा सत्यनिष्ठेच्या बाबतीत या क्षेत्रात कोणी कोणाकडे बोट दाखवावे अशी स्थिती नाही.

आता स्थळाचा विचार. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, नांदेड-हिंगोली रस्त्यावर असलेले डोंगरकडा हे गाव केळी, ऊस आणि हळद यांच्या पट्ट्यात येते. सफरचंद तिथे पिकत नाही, आणि ॲपलचे स्वतःचे दुकानही तिथून फार दूर आहे, कारण कंपनीने भारतातले आपले पहिले दुकान १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि पुण्यातले दुकान ४ सप्टेंबर २०२५ रोजी कोरेगाव पार्कात उघडले. हा विस्तार मराठवाड्याकडे वळल्याचे अद्याप ऐकिवात नाही. प्रस्तुत विवेचनासाठी डोंगरकडा हा मानदंड म्हणून घेण्याचे कारण असे की ॲपलच्या क्युपर्टिनोत जे केवळ हौसेचे विषय आहेत, ते अशा गावी गरजेचे होऊन बसतात, आणि हॅकिन्टॉशविषयीची एरवी पोरकट वाटणारी चर्चा तिथे नेऊन ठेवली की तिच्यातला शहाणपणाचा अंश आणि वेडेपणाचा अंश वेगवेगळे दिसू लागतात.

असा संगणक गावात कोणाला हवासा वाटावा, याची उत्तरे ठरावीक आहेत. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारा कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर, म्हणजे विंडोजवर, सुखात असतो आणि त्याला या फंदात पडायचे कारण नसते. लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणाऱ्याला फायनल कट प्रो खुणावते, कारण संगणकांत ते मॅकशिवाय चालत नाही. नांदेडला किंवा पुण्याला अभियांत्रिकी शिकणाऱ्याला आयफोनसाठी ॲप लिहायचे तर एक्सकोड लागते, आणि तेही मॅकशिवाय चालत नाही. या दोघांना निदान कारण आहे. तिसरा प्रकार ज्यांचा, त्यांना कोणतेही काम नसते. ‘चालतं का बघू’ एवढाच त्यांचा हेतू असतो, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हाच प्रकार सर्वांत फलदायी आहे, कारण पहिल्या दोघांचे यंत्र चालू लागले की ते कामाला लागतात, आणि तिसऱ्याचे यंत्र चालू लागले की त्याचे काम सुरू होते.

हे काम बहुधा बूटच्या वेगापासून आरंभ पावते. बटण दाबल्यापासून पडद्यावर कामाची जागा दिसेपर्यंतचा काळ कमी करणे म्हणजे बूटचा वेग वाढवणे, आणि या काळाचे पृथक्करण हॅकिन्टॉशवाले ज्या बारकाईने करतात ती पाहून मुहूर्त काढणाऱ्यानेही पंचांग मिटावे. काही सुधारणा सहज होणाऱ्या असतात. चुका शोधण्याच्या काळात चालू ठेवलेले ‘व्हर्बोज’, म्हणजे पडद्यावरून धावणाऱ्या ओळींच्या रूपाने प्रत्येक पाऊल बोलून दाखवणे, बंद करावे. ओपनकोरची नोंदी फायलीत लिहीत बसणारी चाचणी-आवृत्ती काढून साधी आवृत्ती घालावी. आणि कोणती प्रणाली सुरू करायची असे विचारणारी यादी काही सेकंद वाट पाहते तो अवधी घटवावा. इथवर सारे समंजस आहे. त्यानंतर येतो ‘ट्रिम’.

एसएसडी प्रकारच्या डिस्कवर पुसलेल्या जागा खरोखर मोकळ्या झाल्या आहेत हे डिस्कला कळवण्याच्या क्रियेला ट्रिम म्हणतात. ॲपलची एपीएफएस ही फाइलव्यवस्था बूटच्या वेळी सर्व मोकळ्या जागेची अशी वर्दी डिस्कला देते. ॲपलच्या स्वतःच्या डिस्क ही वर्दी झटपट घेतात. सॅमसंगच्या काही लोकप्रिय, महाग आणि एरवी अतिशय वेगवान एनव्हीएमई डिस्क मात्र ती घेताना इतक्या रेंगाळतात की बूट मिनिटांवर जातो. याचा अर्थ असा की वेगासाठी सर्वांत जास्त पैसे मोजणाऱ्याचा संगणक सर्वांत सावकाश उठतो, आणि स्वस्तातली डिस्क घेणारा शेजारी तोवर चहा पिऊन कामाला बसलेला असतो. ओपनकोरमध्ये यासाठी एक वेळमर्यादा लिहिण्याची सोय आहे आणि ती मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत, लिहायची असते. मॅकओएस १२ पासून मात्र ही मर्यादा मानणे प्रणालीने सोडून दिले, आणि आता तिथे शून्य लिहून ट्रिम पूर्ण बंद करणे किंवा जे होईल ते सहन करणे एवढेच दोन मार्ग उरले आहेत. बंद केल्यास बूट झटकन होतो आणि डिस्क पुढे कधीतरी मंदावण्याची शक्यता राहते. चालू ठेवल्यास डिस्क सुखी राहते आणि मालक पडद्याकडे पाहत बसतो. या प्रश्नावर जेवढे वाद झाले आहेत तेवढ्या वेळात त्या सर्व वादकांचे संगणक कितीतरी वेळा बूट झाले असते.

खऱ्या मॅकचा मालक या चर्चेत का नसतो, तर त्याला बूटची गरजच क्वचित पडते. तो झाकण मिटतो, यंत्र झोपते, झाकण उघडताच यंत्र जागे होते. हॅकिन्टॉशला नेमकी झोपच लागत नाही, आणि लागलीच तर जाग येत नाही. यामागचे एक कारण यूएसबीत दडलेले असते. मॅकओएस एका यूएसबी नियंत्रकामागे पंधराच दारे मानते, आणि निळ्या जिभेचे एकच छिद्र जुन्या व नव्या वेगासाठी दोन दारे म्हणून मोजले जाते. त्यामुळे भरपूर छिद्रे असलेल्या मदरबोर्डवर मोजणी संपून काही दारे बाहेर राहतात आणि जी आत राहिली त्यांतले एखादे रात्री यंत्राला उगाच उठवते. यावर उपाय म्हणून प्रत्येक छिद्रात पेनड्राइव्ह घालून-काढून यादी करावी लागते, आणि कोणती दारे ठेवायची नि कोणती बुजवायची ते मालकाने ठरवायचे असते. वाटण्या होताना भावाभावांत होतो तेवढाच विचार इथे प्रत्येक दारामागे केला जातो.

झोप विश्वासाची नाही म्हणून यंत्र बंद करावे लागते आणि बंद केले म्हणून पुन्हा सुरू करावे लागते, इथे डोंगरकडा या मानदंडाचे महत्त्व कळते. ज्या गावी ‘लाइट गेली’ हे वाक्य दिवसाच्या कोणत्याही प्रहरी उच्चारले जाऊ शकते, जिथे डीपी, म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाला की तो बदलून येईपर्यंत सर्वांचे संसार एकाच अंधारात चालतात, आणि जिथे इन्व्हर्टरची बॅटरी पाहुण्यांच्या देखत हमखास दगा देते, तिथे बूट हा दिवसातून एकदा होणारा विधी नसून वारंवार येणारा प्रसंग आहे. वऱ्हाडाचा व्हिडिओ निम्मा तयार झाला असताना वीज गेली आणि परत आली, तर ट्रिमपायी वाया जाणारी मिनिटे ही खरोखरीची मिनिटे असतात, कारण दारात नवरदेवाचे काका उभे असतात. कॅलिफोर्नियातील ज्या कोणा हौशी तरुणाने वेळेचा एकेक भाग कापत नेला, त्याला बहुधा कल्पना नसावी की त्याच्या खटाटोपाचा एकमेव तर्कशुद्ध लाभार्थी कळमनुरी तालुक्यात बसलेला आहे.

वाय-फायच्या बाबतीत परिस्थिती अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणूनच अधिक रंजक आहे. ॲपलने आपल्या इंटेल मॅकमध्ये वर्षानुवर्षे ब्रॉडकॉम कंपनीची वाय-फाय कार्डे वापरली, त्यामुळे प्रणालीला तेवढीच ओळखीची. इथल्या बाजारात मिळणाऱ्या बेताच्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये मात्र इंटेल, रिअलटेक किंवा मीडियाटेक यांची कार्डे असतात, आणि मॅकओएस त्यांच्याकडे मांडवात न बोलावता आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहते, म्हणजे पाहतच नाही. पहिला मार्ग कार्ड बदलण्याचा. जुन्या मॅकमधून काढलेले ब्रॉडकॉमचे कार्ड ॲडॉप्टरवर बसवून, त्याच्या बारीक अँटेना जोडून लॅपटॉप बंद करावा, तर काही जुन्या थिंकपॅड आणि एचपी यंत्रांचे फर्मवेअर आपल्या यादीत नसलेले कार्ड पाहून सुरूच व्हायचे नाकारते. जिथे नाकारत नाही तिथे वाय-फाय असे सुरळीत चालते की मालक कार्डाची किंमत विसरतो. ही स्थिती २०२३ पर्यंत टिकली. त्या वर्षी आलेल्या ‘सोनोमा’ आवृत्तीतून ॲपलने याच जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार काढून घेतला, आणि अस्सलपणासाठी जास्तीचे पैसे मोजलेली सर्व मंडळी एका अद्ययावतीकरणात बिगर-अस्सल झाली.

दुसरा मार्ग इंटेलच्या कार्डाशी जुळवून घेण्याचा. ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीत इंटेल कार्डांसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरच्या आधारे, म्हणजे कार्ड आणि प्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रोग्रामच्या आधारे, ‘आयटीएलडब्ल्यूएम’ नावाचा घटक तयार झाला. त्याने वाय-फाय चालते, परंतु प्रणालीला मात्र ती तारेची जोडणी असल्याचे सांगितले जाते. त्यामुळे वरच्या पट्टीतला पंख्याच्या आकाराचा वाय-फायचा नेहमीचा दिवा लागत नाही आणि नेटवर्क निवडण्यासाठी ‘हेलिपोर्ट’ नावाचा वेगळा प्रोग्राम घ्यावा लागतो. इंटरनेट व्यवस्थित चालू असताना केवळ तो पंखा दिसत नाही म्हणून रात्र रात्र जागणारे लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी याच घटकाची दुसरी आवृत्ती निघाली, जी खऱ्या ॲपल कार्डाचे रूप घेऊन पंखा दाखवते, फक्त मॅकओएसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी ती निराळी घ्यावी लागते. पंखा दिसला तरी इंटेलच्या कार्डावर एअरड्रॉप, म्हणजे जवळच्या आयफोनवर तार न जोडता फाइल पाठवण्याची सोय, चालत नाही. परिणामी आयमॅक म्हणवणाऱ्या यंत्रावरून फाइल मालक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि फोनवर उतरवून घेतो, जे काम त्याचा मेव्हणा साध्या विंडोजवर कोणताही आविर्भाव न आणता करत असतो.

याखेरीज देशाच्या संकेताची एक भानगड आहे. वाय-फायच्या कोणत्या लहरी कोठे वापराव्यात याचे नियम देशोदेशी वेगळे असल्यामुळे कार्डाला आपण कोणत्या देशात आहोत हे ठरवावे लागते, आणि मॅक ते आसपासच्या राउटरांच्या घोषणांवरून ठरवतो. गल्लीतल्या एखाद्या स्वस्त राउटरवर कारखान्यातून निघतानाचा परदेशी संकेत तसाच राहिला असेल, तर डोंगरकड्यातला संगणक आपण परदेशात असल्याचे मानून काही लहरींकडे पाठ फिरवतो. यासाठी देशाचा संकेत हाताने पक्का करणारी सूचना ओपनकोरमध्ये घालता येते. तिथे भारताचा संकेत घालणे हा साधा उपाय सोडून अमेरिकेचा घालण्याकडे अनेकांचा कल असतो, आणि व्हिसाशिवाय साधणारे हे स्थलांतर पाहता त्यांना फार दोष देता येत नाही.

मुळात वाय-फाय चालू करण्यासाठी लागणारे घटक इंटरनेटवर असतात आणि इंटरनेटसाठी वाय-फाय लागते, हे कोडे बाजूला ठेवता येत नाही. प्रणाली बसवण्याची लहान आवृत्ती पेनड्राइव्हवर काहीशे एमबीत मावते, पण उरलेला सुमारे १२ जीबीचा ऐवज ती बसवताना इंटरनेटवरून ओढते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होण्यापूर्वी गावातल्या माणसाला १२ जीबी हा आकडा सांगितला असता तर त्याने सांगणाऱ्याची प्रकृती विचारली असती; आता डेटा मुबलक आहे, परंतु तो फोनमध्ये आहे आणि यंत्राला फोन दिसत नाही. अँड्रॉइड फोन यूएसबीच्या तारेने जोडून त्याचे इंटरनेट मॅकला पुरवणारा ‘होर्नडिस’ नावाचा घटक जोशुआ वाइज यांनी लिहिला, आणि तो पुष्कळांना तारून गेला. वायरलेसची ही दीर्घ साधना अशा प्रकारे अनेकदा वायरपाशी येऊन थांबते, आणि ज्याने पहिल्याच दिवशी राउटरपासून लॅनची केबल खिडकीतून आत घेतली, त्याची गणना तज्ज्ञांत होत नसली तरी त्याचे इंटरनेट चालू असते.

स्थैर्याविषयी थोडक्यात. प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे ‘कर्नल’ला, पुढे काय करावे हे न सुचून सर्व काम जागच्या जागी थांबणे याला ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात. अशा वेळी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊ नये आणि पडद्यावरचा मजकूर तसाच राहावा यासाठी एक खास सूचना आधीच घालून ठेवतात, जेणेकरून मोबाइलने त्याचा फोटो काढता यावा. हे फोटो हा एक स्वतंत्र चित्रप्रकार मानावा लागेल. ते तिरपे असतात, त्यांत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब असते आणि नेमकी महत्त्वाची ओळ अंगठ्याखाली गेलेली असते. दोष नेहमी घटकांना दिला जातो, ‘लिलू’ या घटकाची आवृत्ती जुनी आहे, ग्राफिक्सची दुरुस्ती चुकली आहे, बायोसमधले ‘सीएफजी लॉक’, म्हणजे प्रोसेसरच्या वीजव्यवस्थापनाच्या एका नोंदीवरचे कुलूप, उघडलेले नाही. आणि या तर्कांत तथ्य असतेही. परंतु ज्या घरात मोटार सुरू होताच दिवे मंदावतात, जिथे संगणकाला आर्थिंग म्हणून दिलेली तार भिंतीत शिरून कोठे जाते हे वायरमनलाही सांगता येत नाही, तिथे पॅनिक प्रणालीला येते की वीजपुरवठ्याला, हे आधी पाहावे. रॅमची कांडी काढून, खोडरबराने तिचे टोक घासून परत बसवणे हा तालुक्याच्या ठिकाणचा उपाय अमेरिकन मार्गदर्शिकांत पहिल्या पानावर नसतो, आणि तो तिथे असायला हवा.

स्थैर्याचा खरा शत्रू मात्र बाहेरून येत नाही. आठवडाभर यंत्र बिनतक्रार चालले की मालक अस्वस्थ होतो. मग नवी आवृत्ती दिसते, बूटमधला एखादा सेकंद कमी होईल अशी सूचना कोठेतरी वाचनात येते, कॉन्फिगच्या फायलीत एका ठिकाणी ‘होय’चे ‘नाही’ केले जाते, आणि चालत्या गाड्याला खीळ बसते. जुनी फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवावी असा सल्ला सर्वजण देतात. ती जपून ठेवलेलीही असते. त्या पेनड्राइव्हवर मग घरातल्या कोणीतरी भजने भरून ती गाडीत लावलेली असतात.

या उद्योगाला धंद्याचे रूप देण्याचा प्रयत्नही झाला होता. फ्लोरिडातील सायस्टार या कंपनीने एप्रिल २००८ पासून मॅकओएस घातलेले पीसी उघडपणे विकायला सुरुवात केली, ॲपलने जुलैमध्ये दावा लावला, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायमूर्ती विल्यम अल्सप यांनी ॲपलच्या बाजूने निकाल दिल्यावर डिसेंबरात विक्रीवर कायमची मनाई आली. घरी बसून एकट्यापुरता हा खटाटोप करणाऱ्यांच्या मागे मात्र कंपनी लागली नाही. त्यांना शिक्षा देण्याची गरज नाही, ते ती आपण होऊन भोगत आहेत, असा तिचा विचार असावा.

अखेर जे न्यायालयाने साधले नाही ते कारखान्याने साधले. जून २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे जाण्याची घोषणा केली. जून २०२५ मध्ये सांगून टाकले की ‘टाहो’ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असेल. आणि पुण्यातले दुकान उघडल्याला दोन आठवडे होण्याच्या आत, १५ सप्टेंबर २०२५ रोजी, ती आली. यापुढच्या मॅकओएसला लागणारी चिप बाजारात सुटी मिळत नाही, त्यामुळे त्या वेशाचे कापडच संपले. पण ‘चालतं का बघू’ म्हणणारा वर्ग यामुळे बेकार होईल ही भीती अनाठायी ठरली, कारण पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसल्याने विंडोज ११ ला अपात्र ठरलेले असंख्य धडधाकट संगणक एकदम अनधिकृत उपचारांच्या रांगेत येऊन उभे राहिले. ‘रुफस’ या प्रोग्रामने पेनड्राइव्ह तयार करताना टीपीएमची अट वगळण्याच्या चौकोनावर खूण करता येते, तेव्हा भजने पुसून तोच पेनड्राइव्ह नव्या कामाला घेतला गेला आहे. संगणक सुरू होतो, देश विचारतो, कीबोर्ड विचारतो, आणि मग पुढे जाण्यासाठी वाय-फाय मागतो, ज्याचा ड्रायव्हर अर्थातच पेनड्राइव्हवर नसतो.